सड्याकडे निघालेली माती

खणलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात मावत नाही. जमिनीत शेकडो वर्षं दाबून बसलेले कण कुदळीच्या घावानं सुटे होतात, त्यांच्यामध्ये हवा शिरते आणि माती साधारण पाव हिश्शानं फुगते. गवंड्यांना हे पाठ असतं. खड्डा सहा ब्रासचा असेल तर ते सात-साडेसात ब्रास माती हलवायच्या तयारीनं येतात. मला हे ऐकून माहीत होतं. पण आगरातल्या टाकीचा खड्डा अर्धासुद्धा झाला नव्हता, आणि शेजारचा ढीग माझ्या खांद्याला आला होता. तेव्हा मी बराच वेळ त्या ढिगासमोर उभी राहिले. एवढं सगळं इतकी वर्षं आपल्या पायाखाली निमूट बसून होतं, आणि आता त्याला जागा हवी होती.

आमचं घर राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत, डोंगराच्या उतारावर आहे. रस्ता वर, घर खाली, आणि घरामागचं आगर आणखी खाली उतरत पऱ्यापर्यंत, म्हणजे पावसाळी ओढ्यापर्यंत, गेलेलं. रस्त्यावरून अंगणात यायला जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी आहे. ती कुणी बांधली ते आता कुणाला सांगता येत नाही. अंगणातून आगरात उतरायला तेवढंही नाही. एक पायवाट आहे आणि जागोजागी गडग्यातून पुढे काढलेले दगड. आगर म्हणजे काय, तर एकाखाली एक चार-पाच पट्ट्या. प्रत्येक पट्टीला खालच्या अंगाला सुक्या दगडांचा गडगा, आणि त्या अरुंद सपाटीवर नारळ, पोफळी, दोन फणस, रातांबा, कडेला अळू आणि हळद. जेसीबी तिथं उतरत नाही. उतरला असता तर चार गडगे तोडूनच, आणि ते काकूनं होऊ दिलं नसतं.

टाकी हवी होती ती पाण्यासाठी. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी एप्रिलच्या शेवटाला विहिरीचा तळ दिसतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही. त्याच्या भोकाभोकांतून ते खाली जातं, उतार ते पऱ्याला देतो, पऱ्या नदीला. झाडं वैशाखात माना टाकतात. म्हणून पागोळ्यांचं पाणी साठवायला दहा फूट लांब, दहा फूट रुंद, सहा फूट खोल टाकी खणायची ठरली. जागा मिळाली ती घराखालच्या दुसऱ्या पट्टीवर, कारण तिथूनच खालच्या सगळ्या झाडांना पाणी आपसूक उतरणार होतं. जागा शहाणपणानं निवडली होती. मातीचा विचार मात्र त्या वेळी कुणाच्या बोलण्यात आला नव्हता.

कुदळ पडली त्या सकाळी काकू काठी टेकत आगरात उतरली आणि पट्टीच्या कडेला बसली. ऐंशी उलटलेली बाई, गुडघे दुखतात, पण त्या दिवशी तिला घरात बसवणं कुणाला जमलं नाही. पहिली वीतभर माती निघाली तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही वरची वेगळी ठेवायला सांग हो. खालच्या तांबडीत मिसळली तर गेली म्हणून समज."

वरची माती काळपट तपकिरी होती, मऊ, ओलसर वासाची. फणसाची पानं, पोफळीच्या विऱ्या, शेणखत, आजोबांच्या काळापासूनची राख, गांडुळांची विष्ठा, सगळं तिच्यात जिरलेलं. वीतभरच. त्याखाली तांबडी, जांभ्याच्या बारीक खड्यांची, जिच्यात हात घातला की बोटं गंजासारखी रंगतात. तिच्याखाली खुद्द जांभा, आणि खड्ड्याच्या एका कोपऱ्यात अगदी तळाला पांढरट, गुलाबी झाक असलेली चिकण माती. एका माणसाच्या उंचीत एवढे थर. खणताना हा क्रम उलटा होतो, हे मी आधी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. सगळ्यात आधी निघालेली जिवंत माती ढिगाच्या तळाशी जाते आणि सगळ्यात शेवटी निघालेली, जिनं कधी ऊन पाहिलं नाही, ती वर येऊन बसते. तसाच ढीग पसरून दिला तर पिकतं ते गाडलं जातं आणि नापीक वर राहतं. कितीतरी नव्या घरांभोवतालच्या बागा वर्षानुवर्षं का रुजत नाहीत याचं उत्तर काकूच्या त्या एका वाक्यात होतं.

जांभा मोठा विलक्षण दगड आहे. जमिनीत असतो तोवर कुऱ्हाडीनंसुद्धा त्याचे चिरे पाडता येतात, आणि एकदा वारा-ऊन लागलं की तो घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं मलबारात फिरताना हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट हे शास्त्रीय नाव दिलं. मूळचा काळा कातळ, त्याच्यावर लाखो वर्षं पाऊस पडला, विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि तांबडं कोकण तयार झालं. म्हणजे आमच्या पायाखालची जमीन हीच मुळात पावसानं नेता नेता उरलेली. ती हलवायला निघालेली माणसं आम्ही पहिली नव्हतोच.

माती वाहायला विजापूरकडची एक जोडी आली होती. चिरेखाणीवर काम करणारी, मधल्या रिकाम्या दिवसांत असं काम घेणारी. नवरा खणायचा, बाई वाहायची. सोबत वाडीतलेच दोघे तरुण. बाईला सगळे अक्का म्हणत होते, मीही तेच म्हणू लागले. आल्याबरोबर तिनं घमेलं उचललं नाही. आधी खड्ड्यापासून रस्त्यापर्यंत मोकळ्या हातानं चढली, उतरली, पुन्हा चढली. मग पायवाट सोडून गडग्याच्या कडेकडेनं आडवी गेली आणि दोन ठिकाणी दगड हलवून पायरी करून घेतली. मी जवळचा रस्ता दाखवायला गेले तर म्हणाली, "ताई, सरळ चढलं की छाती भरती. आडवं जावं, मग वर."

दुपारी मी तिची वाट पायांनी मोजत चढले तेव्हा लक्षात आलं की वरची जुनी पाखाडीही असंच करते. घराच्या कोपऱ्यापाशी उगाच वळली आहे असं लहानपणापासून वाटायचं. ते वळण उगाच नव्हतं. डोक्यावर ओझं घेतलेल्या कुणीतरी ते आखलं होतं. पायऱ्यांची उंचीही तशीच, मोकळ्या माणसाला जरा बुटकी वाटणारी, पण भारा घेऊन चढणाऱ्याच्या गुडघ्याला नेमकी. चिरे, नारळ, भाताच्या मुडी, बाळंतीण, आजारी माणूस, सगळं याच पायऱ्यांवरून गेलं आहे. मोटार रस्ता झाला आणि पाखाडी आम्हाला अडचण वाटू लागली. ज्यांनी ती बांधली त्यांच्या लेखी ती सोयच होती, आणि तिच्या प्रत्येक पायरीत कुणाच्यातरी गुडघ्यांची काळजी आहे.

अक्का लुगड्याच्या जुन्या धडप्याची चुंबळ करायची. ती नीट बसली नाही तर घमेलं उचलू द्यायची नाही. दोन-दोन वेळा सोडून पुन्हा वळायची. घमेलं किती भरायचं हे तीच सांगे. नवऱ्यानं एक फावडं जास्त टाकलं तर काही न बोलता हातानं तेवढी माती खाली लोटायची. एका घमेल्यात पंधरा-वीस किलो माती बसते. एक ब्रास सुटी माती चार टनांच्या आसपास भरते. आमच्या खड्ड्याचा हिशोब तीस टनांपर्यंत जात होता. कागदावर हे आकडे मी आधीही मांडले असते तर मांडता आले असते. पण टन म्हणजे काय हे मानेच्या शिरा पाहिल्यावर कळतं. मी स्वतः काही घमेली नेली. अंगणापर्यंत पोहोचले की मला बोलता येत नसे. मजुरी ठरवताना आपण दिवस मोजतो. चढ कुणी मोजत नाही. उतारावरच्या कामाला सपाटीवरच्या कामाचा दर लावणं अन्यायाचं आहे असं मला तेव्हापासून ठाम वाटतं, आणि आम्ही तो बदलला.

खाली ढकलणं सोपं होतं. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि कुणीतरी ते बोलणारच होतं. खड्ड्याच्या खालच्या अंगाला दोन पट्ट्या, मग पऱ्या. उन्हाळ्यात तो कोरडा, दगडांचा. फावड्यानं लोटत गेलं तर दोन दिवसांत सगळं साफ, आणि पहिल्या पावसात माती आपोआप निघून जाईल. वाडीतल्या तरुणांपैकी एकानं हे सुचवलं. त्याचं चुकलं असं नाही, सगळे तसंच करतात. काकू म्हणाली, "त्या पऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

मग ती पऱ्याचा पुढचा रस्ता सांगत बसली. तिला तो लहानपणापासून माहीत, कारण तिचं माहेर त्याच्याच काठी, खाली. आमच्या आगरापुढे तो खालच्या वाडीतल्या भाताच्या खाचरांच्या बांधाला लागून जातो. तिथं आमची माती बसली तर खाचरात पाणी घुसणार आणि लावणीच्या दिवसांत त्या घरातली माणसं बांध नीट करत बसणार. तिथून तो दुसऱ्या पऱ्याला मिळतो, मग अर्जुना नदी, आणि अर्जुनेच्या काठी राजापूर. बहुतेक पावसाळ्यांत राजापूरच्या बाजारपेठेत पाणी शिरतं, दुकानदार माल माळ्यावर चढवतात. अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्यांची पात्रं गाळानं भरत आली आहेत. एकेकाळी राजापूर हे मोठं बंदर होतं. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार इथं होती, मालानं भरलेली गलबतं खाडीतून आत गावापर्यंत यायची. खाडी उथळ होत गेली, मोठी गलबतं खालीच थांबू लागली, आणि बंदर नावापुरतं उरलं. शाळेत हे वाचताना मला वाटायचं, गाळ हा समुद्रातून येत असेल. तो आमच्यासारख्यांच्या आगरांतून, वरकस जमिनींतून, उघड्या पडलेल्या डोंगरांतून गेला. कुणी घमेलंभर लोटलं, कुणी गाडीभर, उरलेलं पावसानं नेलं. एका बंदराचं बुजणं इतक्या लहान लहान हातांनी होतं, हे मनात आलं आणि मी फावडं खाली ठेवलं.

माती तशीही उतरतच असते. चार्ल्स डार्विननं म्हातारपणी गांडुळांवर एक पुस्तक लिहिलं, १८८१ साली. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते असं त्यानं मांडलं. आणि पुढची गोष्ट मला अधिक लोभस वाटते. ही वर आलेली ढेकळं उतारावर सुकली की घरंगळतात, पावसात ओघळतात, आणि सगळा उतार इंचाइंचानं खाली सरकत राहतो. डोळ्यांना दिसत नाही. आमच्या आगरातल्या जुन्या पोफळींची खोडं बुंध्याशी जराशी वाकून मग सरळ वर गेली आहेत. कदाचित ती हेच सांगत असतील. अशा ठिकाणी गडगा बांधणारा माणूस काय करत होता? तो माती थांबवत नव्हता, एवढी ताकद त्याच्याकडे नव्हती. तो तिला थोडा वेळ रोखून धरत होता, आपल्या आणि आपल्या नातवंडांच्या आयुष्याएवढा. मग पुढच्यानं ढासळलेले दगड पुन्हा रचायचे.

जुन्या माणसांनी खणलेलं फार लांब नेलं नाही, हेही खरं. गडांवर पाण्याची टाकी खोदली तेव्हा निघालेला दगड तिथंच तटाला आणि जोत्यांना गेला. विहिरीतला चिरा घराच्या भिंतीत. आमच्या खड्ड्यातलंही बरंच तसंच जिरलं. धड निघालेला जांभा दोन ठिकाणी पोट आलेल्या गडग्याला लागला. वरची काळपट माती काकूनं आपल्या डोळ्यांसमोर नारळांच्या आळ्यांत टाकून घेतली, एकेका घमेल्याला जागा दाखवून. प्रश्न होता तो तांबडीचा. ती सगळ्यात जास्त, आणि आगरात तिला जागा नव्हती.

ती वर गेली, सड्यावर. डोंगरमाथ्यावरचा तो उघडा कातळ, पावसाळ्यात चार महिने रानफुलांनी भरणारा आणि एरवी तळपत राहणारा. तिथं आमच्या भावकीतले एक काका हापूसची कलमं लावत आहेत. कातळात कलम लावायचं म्हणजे आधी तो फोडून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा करायचा आणि मग त्यात बाहेरून माती आणून भरायची, कारण सड्यावर माती नसतेच. ती केव्हाच वाहून खाली आलेली असते, आमच्यासारख्यांच्या पट्ट्यांवर. काकांना माती विकत घ्यायची होती, आम्हाला द्यायची होती. एवढं जुळल्यावर काम सरळ झालं, सोपं नाही झालं. खड्ड्यापासून अंगणापर्यंत अक्काच्या आडव्या वाटेनं डोक्यावरून, अंगणापासून रस्त्यापर्यंत पाखाडीवरून. पाखाडी अरुंद आहे, चढणाऱ्याला उतरणारा आडवा येतो, म्हणून तिथं साखळी केली. शेजारपाजारचे, सुट्टीला आलेली मुलं, मुंबईहून आलेला चुलतभाऊ, सगळे पायरी-पायरीवर उभे, घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात. रस्त्यावर पिकअप उभी. गोण्यांत भरलेली माती घेऊन ती सड्याकडे जायची.

त्या साखळीत उभी असताना मला फार बरं वाटत होतं. पावसानं कधीतरी माथ्यावरून उतरवलेली माती माणसांच्या हातून पुन्हा माथ्यावर चालली होती. पुन्हा उतरेल ती, पण मध्ये आंब्याच्या दोन-तीन पिढ्यांचा मुक्काम होईल.

आमच्या समोरच्या डोंगरावर दोन वर्षांपूर्वी एक नवं घर झालं. छान घर आहे, समुद्राच्या बाजूला मोठ्या काचा. त्यासाठी डोंगराचा एक घास काढला आणि निघालेली माती कडेवरून खाली सोडून दिली. अजूनही तो तांबडा ओघळ इथून दिसतो, त्याच्यावर गवत धरत नाही. मी त्या घरातल्या माणसांना ओळखत नाही, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण तो ओघळ पाहिला की पोटात कालवतं. उभा कापलेला डोंगर आणि त्याखाली सैल पडलेला भराव, दोन्ही पावसात सारखेच धोक्याचे. पाणी भरलं की मातीचं वजन वाढतं आणि कणांनी एकमेकांना धरून ठेवलेलं सुटतं. २०१४ च्या जुलैमध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच दिवशी चिपळूण पाण्यात होतं. तिथं काय काय कारणं एकत्र आली ते अभ्यासकांनी सांगावं. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवसापासून आमच्या वाडीत रात्री जोराचा पाऊस लागला की माणसं कूस बदलतात आणि घरामागच्या दरडीचा कानोसा घेतात. कोकण रेल्वेसारखी रेल्वेसुद्धा पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक करते, डोंगर कापून काढलेल्या वाटेवर गाड्या सावकाश सोडते. जूनपासून काही महिने सगळे प्रवासी उशिरा पोहोचतात, आणि त्याबद्दल मला कधीच तक्रार करावीशी वाटली नाही. मातीला एवढा मान द्यायलाच हवा.

तांबडी माती बहुतेक गेली. राहिली आहे ती तळाची पांढरट चिकण माती, एका कोपऱ्यात, गुडघाभर उंच ढीग. ती कलमांना चालत नाही, मुळांना गुदमरवते असं काकांचं म्हणणं. काकूला ती आगरातच हवी आहे. वरच्या पट्टीवर पावसाचं पाणी साचून मुरावं म्हणून एक उथळ तळी करायची आणि तिचा तळ या चिकणमातीनं लिंपायचा, असं तिच्या डोक्यात आहे. वाडीतल्या जाणत्यांना हे पसंत नाही. पट्टीवर पाणी थांबवलं तर गडग्यावर दाब येईल, म्हणतात. दोन्ही बाजूंची माणसं पावसाळे पाहिलेली आहेत. अक्कानं ढिगातला एक गोळा हातात घेऊन दाबून पाहिला, नखानं चिरला आणि म्हणाली, हिच्यात खडा नाही, हिची चूल चांगली होईल. आणि एक गोणी बाजूला काढून ठेवली. मला अजून ठरवता येत नाही. तोवर ढिगावर झावळ्यांचे झाप टाकले आहेत आणि त्याच्या खालच्या अंगाला दगडांची एक ओळ लावली आहे. मृग लागायला फार दिवस राहिलेले नाहीत. सड्यावरचे काका रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, अजून चार खड्डे मोकळे आहेत, तांबडी थोडीफार निघेल का?